अकराव्या पानानंतर

ग्रिम्सबीत नोव्हेंबरचे चार वाजले की अंधार
लायब्ररीच्या काचेला नाक लावून उभा राहतो.
तेव्हाच तो आला, मासळीच्या कारखान्यातली पाळी संपवून.
बोटांना हॅडॉकचा वास, बोटांत शाळेचं पत्र,
आणि मागे, टोपीत तोंड लपवलेला, नऊ वर्षांचा रीस.

"दुसऱ्याचं दुःख कळेल असं
एखादं पुस्तक द्या ह्याला. शाळा म्हणते."
खोकल्यावर औषध मागावं तसं मागितलं त्याने.
जेवणाआधी की नंतर, एवढंच विचारायचं राहिलं.

पत्रात होतं: डोमांतास नावाच्या मुलाचं
बोलणं अडखळतं. रीस त्याची नक्कल करतो.
चांगली करत असावा. सगळा वर्ग हसतो.

संगणकात शब्द टाकला. त्रेचाळीस पुस्तकं आली.
इथे ह्या गोष्टीला एक नेटका शब्द आहे,
त्याचं कपाटही आहे, खिडकीपाशी, हिरव्या पट्टीचं.
आमच्याकडे सहानुभूती होती, ती बहुधा
दुखवट्याच्या ठरावात भेटायची.
परकायाप्रवेश होता, पण तो योग्यांनाच जमायचा,
तोही राजाचं शरीर रिकामं असेल तर.
घरोघरी मात्र सगळे म्हणत,
ज्याचं जळतं त्यालाच कळतं.
म्हणत, आणि चहा ओतत.

गेली एकोणीस वर्षं मी पुस्तकं देते आहे
ह्या एका म्हणीच्या विरोधात,
साडेनऊ ते साडेपाच, शनिवारी एकपर्यंत.

शेवटच्या पानावर बोट उगारणारी मी देत नाही.
मुलं ते बोट लांबूनच ओळखतात.
ससा रडतो आणि लगेच सगळं रान शहाणं होतं,
तीही नकोत.
द्यावं ते, ज्यात आजोबांचा कोट मुलीला मोठा होतो
आणि कुणी काही बोलत नाही.
ते, ज्यात कोंबडीला संध्याकाळची भीती वाटते,
का, ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नाही.

आणि एवढं सगळं बोलून
रीसला मी दिली पाणकोंबडी.
ती 'प'वर अडते, तळ्यावरचं एक बदक तिची नक्कल करतं.
ग्लेनिस म्हणाली, फारच नेमकं नाही का गं?
नेमकंच होतं. माझंही कधी कधी औषधाचं दुकान होतं.

परतीची तारीख उलटली.
मग एका मंगळवारी तो एकटाच आला,
कोटाच्या आतून पुस्तक काढलं, माझा बिल्ला वाचला.
बिल्ल्यावर मँडी आहे. मंदाकिनी
इथे कुणाच्या तोंडात मावली नाही,
मीही फार आग्रह धरला नाही.

"मँडी, अकराव्या पानानंतर बदक कुठे जातं?"

मी डोमांतासच्या नावाची वाट पाहत होते.

"सगळे तिच्याकडे जातात. तिला मित्र मिळतात.
ते परत येतच नाही. कुणी शोधलंही नाही."

मी पानं उलटली. बारा, तेरा, शेवटपर्यंत.
लव्हाळी, कागदी दिवे, केक, चांदणं.
एकोणीस वर्षं हे पुस्तक लोकांच्या हाती देते आहे,
एक बदक हरवल्याचं मला कळलं नव्हतं.
"माहीत नाही," मी म्हटलं.
"बरं," तो म्हणाला.
घरी कोण असतं तुझ्या, हे ओठांवर आलं,
पण त्याची बस लागली होती.

बंद करायच्या वेळी दिसलं:
सोळाव्या पानावर, लव्हाळ्यांच्या मागे,
शिसपेन्सिलीने काढलेलं, लहानसं, पाठमोरं.
पायांवर बराच वेळ घालवला होता.
खोडायचा नियम आहे. खोडरबर खणातच असतं.

हिरव्या पट्टीच्या कपाटात मी ते ठेवलं नाही.
दाराजवळ ठेवलं, जिथे लोक ओल्या छत्र्या टेकवतात.
उद्या कुणी पत्र घेऊन आलंच, तर हेच देईन.
सोळाव्या पानाबद्दल काही सांगणार नाही.